यंत्राची चूक कोणी सुधारावी?

गतवर्षी ह्याच वार्षिकासाठी आम्ही विद्यार्थ्यांकडून 'माझे गाव' ह्या विषयावर निबंध मागविले होते. पुष्कळ निबंध आले. त्यांत तोंडवलीहून आमच्या शाळेत येणाऱ्या, इयत्ता नववीतील एका मुलाचाही निबंध होता. तो शाळेच्या संगणकावर लिहिलेला असल्यामुळे वाचावयास स्वच्छ होता. परंतु पहिलेच वाक्य वाचून आम्ही थबकलो. "आमचे तोंडली गाव समुद्रकाठी वसले आहे," असे ते वाक्य होते. पुढे चार ओळींवर, "पहाटेस गावातील लहानथोर मंडळी किनाऱ्यावर जमून राखण ओढतात," असे लिहिले होते.

तोंडली ही भाजी होय, गाव नव्हे. आणि राखण करावयाची असते, ओढावयाची नसते. मुलाने थट्टा केली असावी, असे आम्हांस प्रथम वाटले. त्यास बोलावून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मी आधी तोंडवली आणि रापण असेच लिहिले होते. पण संगणकाने दोन्ही शब्दांखाली तांबडी रेघ मारली. मग त्याने जे शब्द सुचविले, ते मी घेतले."

"अरे, पण स्वतःच्या गावाचे नाव तुला ठाऊक नाही काय?"

"ठाऊक आहे, सर. पण वाटले, शुद्ध मराठीत ते असेच लिहीत असतील."

हे उत्तर ऐकून आमचा राग तर मावळला, पण मनास चुटपुट लागून राहिली. ज्या मुलाने जन्मापासून रापण पाहिली, ज्याच्या आजोबांचे सारे आयुष्य त्या दोरावर गेले, त्यास आपल्या घरातला शब्द यंत्राच्या एका रेघेपुढे खोटा वाटावा, ही गोष्ट आम्हांस लहान वाटली नाही.

निबंधातील ते दोन शब्द लेखणीने सुधारून टाकले असते, तर काम दोन मिनिटांत झाले असते. परंतु पुढल्या वर्षी दुसऱ्या मुलाच्या निबंधात तीच रेघ पुन्हा उमटली असती. म्हणून चूक जेथे उत्पन्न होते तेथेच ती सुधारावी, असे आम्ही ठरविले. ते शक्य झाले, ह्याचे कारण तो लेखनाचा कार्यक्रम 'ओपन सोर्स', म्हणजे मुक्त प्रकारचा होता. हा प्रकार काय आहे, व त्या मुलाने त्यात आपली पहिली दुरुस्ती कशी पाठविली, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ज्या वाचकांनी रापण पाहिली नाही, त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. तोंडवली हे मालवण तालुक्यातील गाव. एका अंगास अरबी समुद्र व दुसऱ्या अंगास गड नदीची खाडी, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी व सुरूची झाडे, अशी तेथली रचना आहे. ह्या किनाऱ्यावर होडीतून लांबच लांब जाळे अर्धवर्तुळाकार सोडीत नेतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. मग माणसांच्या दोन रांगा ते दोर ओढीत ओढीत जाळे वाळूवर आणतात. ह्यास रापण म्हणतात. होडीवरील प्रमुखास तांडेल म्हणतात. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. मासळी आली म्हणजे तिचे वाटे होतात, आणि दोरास ज्याने हात लावला त्याच्या पदरी काही ना काही पडते.

आता ती तांबडी रेघ कोठून येते ते पाहू. संगणकास आपल्याप्रमाणे भाषा समजत नाही. त्याजवळ शब्दांची एक यादी असते, आणि प्रत्ययांच्या नियमांची दुसरी. आमच्या शाळेत लिब्रेऑफिस नावाचा कार्यक्रम वापरतात. त्यात शब्द तपासण्याचे काम हनस्पेल नावाचे सॉफ्टवेअर करते. फायरफॉक्स व क्रोम ह्यांतही तेच आहे. लास्लो नेमेथ ह्या हंगेरियन गृहस्थांनी ते मूळ आपल्या भाषेसाठी रचिले. हंगेरियन भाषेतही मराठीप्रमाणे एका शब्दास अनेक प्रत्यय लागतात. आपला होडी हा शब्द घ्या. होडीने, होडीस, होडीत, होडीवर, होडीतून, होडीतला, अशी त्याची कितीतरी रूपे होतात. प्रत्येक शब्दाची सारी रूपे लिहून ठेवू म्हटले, तर यादीस अंत राहणार नाही. म्हणून पहिल्या यादीत मूळ शब्द लिहून, त्यापुढे तिरपी रेघ देऊन खुणेचे एखादे अक्षर ठेवतात. त्या खुणेचा अर्थ दुसऱ्या यादीत असतो: ही खूण ज्या शब्दास आहे, त्याच्या शेवटी काय गाळावे व काय जोडावे.

लिहिलेला शब्द ह्या दोन याद्यांच्या मेळाने सिद्ध होत नसेल, तर त्याखाली तांबडी रेघ येते. मग सॉफ्टवेअर जवळपासचे शब्द शोधू लागते. एखादे अक्षर बदलून पाहते, एखादे गाळून पाहते, शेजारची दोन अक्षरे उलटसुलट करून पाहते. 'रापण' मधील प च्या जागी ख घातला, राखण झाले. 'तोंडवली' मधील व गाळला, तोंडली झाले. हे दोन्ही शब्द यादीत होते, म्हणून तेच त्याने पुढे केले. गाव कोणते, जाळे कोणते, ह्याचा विचार त्यात कोठेच नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, येथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. तांबडी रेघ 'हा शब्द चुकीचा आहे' असे सांगत नाही. 'हा शब्द माझ्या यादीत नाही,' एवढेच ती सांगते. पुष्कळदा चूक आपलीच असते, आणि तेव्हा रेघेचा उपकार मानावा. परंतु कधी कधी उणीव यादीची असते. दोहोंपैकी कोणते खरे, हे ठरविण्याचे काम यंत्राचे नाही, लिहिणाराचे आहे.

ह्यात यादी करणारांस दोष देण्याचे कारण नाही. अशा याद्या बहुधा हौसेने व विनामूल्य काम करणाऱ्या मंडळींनी पुस्तके, वृत्तपत्रे वगैरे छापील लेखनातून जमविलेल्या असतात. किनाऱ्यावरचे शब्द छापखान्यापर्यंत थोडेच जातात, म्हणून यादीपर्यंतही थोडेच पोचतात. ज्यांस ते ठाऊक आहेत त्यांनी सांगितले नाहीत, तर ते इतरांस कळावे कसे?

आता मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते सांगतो. संगणकाने काय करावे, ह्याच्या आज्ञा मनुष्य आधी वाचता येईल अशा रूपात लिहितो. त्यास सोर्स कोड किंवा मूळ संहिता म्हणतात. पुष्कळ कंपन्या ही संहिता कुलपात ठेवतात. ग्राहकास सॉफ्टवेअर वापरता येते, पण ते आतून पाहता येत नाही व सुधारताही येत नाही. ह्या रिवाजाविरुद्ध अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी आवाज उठविला. ते एमआयटी ह्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करीत असता तेथील छपाईयंत्रात कागद वारंवार अडके. यंत्राची संहिता मिळाली असती, तर कागद अडकताच तशी सूचना मिळण्याची सोय त्यांना करता आली असती. परंतु ती देण्यास नकार मिळाला. पुढे १९८३ साली त्यांनी ग्नू नावाचा संकल्प जाहीर केला, व १९८९ मध्ये एक परवानापत्र तयार केले. असे सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरावे, उघडून अभ्यासावे व बदलावे, त्याच्या प्रती इतरांस द्याव्या, आणि आपण केलेली सुधारणाही इतरांस द्यावी, असे चार हक्क मुक्त सॉफ्टवेअर घेणारास मिळतात.

१९९१ च्या ऑगस्ट महिन्यात फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टॉरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी आपण केवळ हौसेखातर एक प्रणाली रचीत असल्याचे लिहून लोकांच्या सूचना मागू लागला. तीच आजची लिनक्स होय. हजारो लोकांचे हात तिला लागले. तुमच्या घरी अँड्रॉइडचा फोन असेल, तर त्याच्या मुळाशी लिनक्सच आहे. आणि २०१७ सालापासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील सारे संगणक लिनक्सवर चालत आले आहेत. 'ओपन सोर्स' हे नाव मागाहून, १९९८ मध्ये रूढ झाले.

इंग्रजीत 'फ्री' ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ होत असल्यामुळे तेथे पुष्कळ घोटाळा होतो. आपल्या भाषेत फुकट व मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत, तेव्हा आपला घोटाळा होण्याचे कारण नाही. असे सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळते हे खरे, पण त्याचे महत्त्व फुकटपणात नाही. ज्यास चूक दिसली त्यास ती सुधारता येते, ह्यात आहे.

पाहून शिकावे व शिकलेले पुढे न्यावे, ही रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून गणपत कृष्णाजी ह्यांनी छपाईची विद्या हस्तगत केली, आणि १८३१ साली मराठी पंचांग छापून काढले. छापखान्याचे दार त्यांना बंद असते, तर ही गोष्ट इतक्या लवकर घडती ना. मुक्त सॉफ्टवेअरचे दार तसेच उघडे आहे. आत जाऊन काम शिकावयाचे की नाही, हे आपल्यावर आहे.

असो. आता त्या मुलाच्या उद्योगाकडे वळू.

लिब्रेऑफिसमध्ये वापरलेली ती शब्दयादी कोठे ठेवलेली आहे, हे आधी शोधावे लागले. ते सापडल्यावर तेथील नियम वाचावयाचे होते. मुलास घाई झाली होती. त्याने एका रात्रीत चाळीस शब्द लिहून आणले, मासळीची नावे, होडीच्या अवयवांची नावे, सारे काही. आम्ही म्हटले, "पहिल्या खेपेस पाचच शब्द पाठव. तपासणारास पाच शब्द नीट पाहता येतील, आणि तुलाही पाचांचे उत्तर देता येईल." हे त्यास फारसे रुचले नाही, पण त्याने ऐकले. तोंडवली, रापण, तांडेल, बांगडो व सुंगटां हे पाच शब्द त्याने निवडले.

अशा ठिकाणी नवख्या माणसाच्या हातून मूळ यादी बिघडण्याची भीती नसते. बदलांची नोंद ठेवण्यासाठी गिट नावाचे साधन वापरतात. तेही टॉरवाल्ड्स ह्यांनीच २००५ साली रचिले. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली व का बदलली, हे सारे त्यात राहते. प्रथम मूळ यादीची स्वतःपुरती प्रत घ्यावयाची. बदल त्या प्रतीत करावयाचे. बदलाबरोबर कारणाची दोन ओळींची टीप लिहावयाची. मग मूळ यादी सांभाळणारांस कळवावयाचे की, माझा हा बदल पाहून योग्य वाटल्यास सामावून घ्यावा. ह्या विनंतीस पुल रिक्वेस्ट असे नाव आहे. पुल म्हणजे ओढणे. तोंडवलीच्या मुलास निदान हा शब्द परका वाटला नाही.

टीप इंग्रजीत लिहावयाची होती. त्याने आधी मोठे पानभर लिहिले; त्यात गावाचे वर्णन होते, तक्रार होती, आणि शेवटी थोडा रागही होता. आम्ही ते त्याच्याकडूनच तीन वेळा कमी करून घेतले. राहिले ते एवढेच: हे शब्द मराठी किनाऱ्यावर वापरात आहेत, त्यांचे अर्थ असे आहेत, ते यादीत नसल्यामुळे चुकीचे ठरतात. हे लिहून त्याने विनंती पाठविली.

आठ दिवस काही उत्तर आले नाही. मुलगा रोज मधल्या सुट्टीत येऊन पाही व परत जाई. नवव्या दिवशी उत्तर आले. तपासनीसांनी आरंभी त्याचे आभार मानले होते, व पुढे तीन हरकती काढल्या होत्या. पहिली: रापण हा शब्द आपण कधी ऐकला नाही, तो छापील मराठीत कोठे आढळतो? दुसरी: ह्या शब्दास दिलेली खूण बरोबर दिसत नाही, त्यायोगे 'रापणात' हे रूप शुद्ध ठरते, ते तसे आहे काय? तिसरी: बांगडो व सुंगटां हे शब्द मराठीचे की मालवणी बोलीचे?

मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "सर, मी नापास झालो." आम्ही त्यास समजावले की, परीक्षेतील शेरा व हा शेरा ह्यांत अंतर आहे. परीक्षेचा कागद तपासला म्हणजे प्रकरण मिटते. येथे तपासणारा तुझ्यासाठी वाट पाहत आहे. त्यास तुझे काम नको असते, तर त्याने तीन प्रश्न कशास विचारले असते?

दुसरी हरकत आधी घेतली, कारण ती सर्वांत खरी होती. मुलाने यादीत बैल हा शब्द पाहिला, त्यापुढील खूण पाहिली, व तीच तांडेल आणि रापण ह्या दोघांस लावली. तांडेलास ती जुळली: बैलाने, तसे तांडेलाने. परंतु रापण हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याने शाळेच्या संगणकावर 'रापण' लिहून पाहिले, रेघ गेली, आणि तेवढ्यावर समाधान मानून काम पाठविले. 'रापणीत' लिहून पाहिले असते, तर तेथे रेघ तशीच आहे हे त्यास तेव्हाच कळते.

मग व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागले. सामान्यरूपाचा धडा मुलांस किती कंटाळवाणा वाटतो, हे आम्ही वीस वर्षे पाहत आलो आहो. त्या दिवशी मात्र त्या मुलाने तो धडा दोनदा वाचला. अकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचे दोन वर्ग आहेत. चिंच, जीभ, वीट ह्यांचे अनेकवचन चिंचा, जिभा, विटा. त्यांची रूपे चिंचेत, जिभेवर, विटेवर. भिंत, विहीर ह्यांचे अनेकवचन भिंती, विहिरी. त्यांची रूपे भिंतीवर, विहिरीत. रापण कोणत्या वर्गातली? मुलाने घरी जाऊन आजोबांस विचारले. आजोबा हसले व म्हणाले, "आमी रापणीक जाताव. रापणाक कोण जाता?" निकाल लागला. रापण भिंतीच्या वर्गातली ठरली. पुस्तकाने प्रश्न कसा विचारावा ते शिकविले, आणि उत्तर आजोबांनी दिले.

पहिल्या हरकतीसाठी पुरावा हवा होता. आमच्याकडे सर्वांस ठाऊक आहे, असे म्हणून भागत नाही. कारण तपासणारा आपल्या गावचा नसतो, आणि यादी साऱ्या महाराष्ट्राची असते. मुलाने स्थानिक वृत्तपत्रांतील मासेमारीच्या बातम्यांची दोन कात्रणे मिळविली. त्यांत रापण व रापणीची मासेमारी असे स्पष्ट छापले होते. दक्षिणेस कर्नाटकाच्या किनाऱ्यावर अशाच मोठ्या जाळ्यास रंपणी म्हणतात, हीही माहिती त्याने जोडली. ती पाहून अनुस्वार कोठे गेला, असा प्रश्न त्यास स्वतःलाच पडला. आणि यादीत रूप घालावयाचे ते आज मराठीत छापतात तेच घालावे, हे त्याच्या ध्यानी आले. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या जुन्या वह्यांत 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार दिसतात. १९६२ च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले. जुने लिहिणारे अशुद्ध लिहीत नव्हते. त्यांच्या काळचा नियम निराळा होता. यादी मात्र चालू नियमाची असावी लागते.

तिसरी हरकत मुलास जिव्हारी लागली होती. बांगडो व सुंगटां हे शब्द तो घरी रोज बोलतो. प्रमाण मराठीत बांगडा व कोळंबी असे म्हणतात. तपासनीसांचे म्हणणे असे की, हे शब्द खरे आहेत, परंतु मराठीच्या यादीत ते मिसळले, तर 'बांगडा' लिहू पाहणाऱ्या दुसऱ्या मुलाची चूक यंत्र पकडणार नाही. विचार केल्यावर हे म्हणणे रास्त वाटले. येथेही मुक्त सॉफ्टवेअरचा एक गुण उपयोगी पडतो. परवान्यातील अटी पाळून कोणीही यादीची व नियमांची प्रत घेऊन मालवणीची स्वतंत्र यादी करू शकतो; त्यासाठी कोणाच्या पाया पडावे लागत नाही. ते काम मोठे आहे. मुलाने ते दोन शब्द काढून घेतले, व बाकीच्या शब्दांबरोबर एका वहीत लिहून ठेवले. त्या वहीत आता तीनशेच्या वर शब्द झाले आहेत.

दुरुस्त केलेले तीन शब्द त्याने पुन्हा पाठविले. ह्या वेळी प्रत्येकाची सात सात रूपे आधी तपासून पाहिली होती. चार दिवसांनी उत्तर आले की, बदल स्वीकारला आहे. पहिल्या निबंधापासून ह्या दिवसापर्यंत एक महिना लागला, आणि मूळ यादीत तीन ओळी वाढल्या. अशी दुरुस्ती लगेच सर्वांच्या संगणकांवर दिसू लागत नाही. पुढील आवृत्ती निघाली म्हणजे तिच्याबरोबर ती जाते. तरीही पुढे कोणी मूल 'रापण' लिहील, तेव्हा त्याखाली रेघ येणार नाही, आणि रेघ का आली नाही हा विचारही त्याच्या मनास शिवणार नाही. ह्या कामाचे यश असे निमूट असते.

ही वार्ता ऐकून मुलाचे वडील शाळेत आले. ते मासेमारी करतात. त्यांनी सरळ विचारले, "सर, ह्या कामाचो आमच्या झिलाक वाटो किती गावतलो?"

प्रश्न योग्य होता, आणि पुष्कळ पालकांच्या मनात तो येईल. पैसा म्हणाल, तर एकही नाही. पुढे संगणकाच्या व्यवसायात जाणारास असे प्रसिद्ध झालेले काम दाखविता येते, हे खरे. परंतु तीन शब्दांच्या बळावर नोकरी लागते, असे सांगून आम्ही कोणास फसविणार नाही. आम्ही त्यांना म्हटले, "त्याने लिब्रेऑफिस वापरले, त्याचे मोल त्याने दिले नव्हते. कितीतरी अनोळखी माणसांनी तो दोर ओढला होता, आणि तुमच्या मुलास वाटा आधीच मिळाला होता. आता त्याने दोरास हात लावला आहे." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे वाटो आधी आणि काम मागसून." ह्याहून सोप्या शब्दांत आम्हांसही ते सांगता आले नसते.

पालकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. अशा ठिकाणी लिहिलेले सर्व जगास दिसते व कायम राहते. म्हणून मुलाने पालकांच्या संमतीनेच नोंदणी करावी, संपूर्ण नाव, पत्ता व फोन क्रमांक देऊ नये, आणि पत्रव्यवहार मोठ्या माणसाच्या देखत करावा. दुसरे असे की, ह्या उद्योगास वेळेची मर्यादा घालून द्यावी. आमच्या मुलाने आठवड्यातून दोन तास दिले, ते पुरेसे झाले.

विद्यार्थ्यांस वाटेल की, आम्हांस संगणकाची भाषा येत नाही, आम्ही काय करणार? वरील कामात तशी भाषा एका ओळीचीही लागली नाही. लागले ते मराठीचे व्याकरण, थोडे इंग्रजी, आणि आजोबा. अशी दारे आणखीही आहेत. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात आपल्या गावाविषयी खरी व आधार असलेली माहिती लिहिता येते. २००४ मध्ये आरंभ झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप ह्या मुक्त नकाशात आपल्या वाडीची पायवाट, विहीर व शाळा दाखविता येते. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल ह्या उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. ज्यास ह्यांतले काहीच जमत नाही, त्याने चूक कोठे दिसली हे नेमकेपणाने लिहून कळविले, तरी तीही सेवाच होय.

शेवटी एक छोटी हकीकत सांगून लेख आटोपतो. गेल्या महिन्यात तोच मुलगा आमच्याकडे आला. 'किनाऱ्यावर' हा शब्द एका संगणकावर शुद्ध ठरतो, आणि मित्राने पाठविलेल्या मजकुरात मात्र त्याखाली तांबडी रेघ येते, असे त्याने पाहिले होते. दोन्ही ठिकाणी शब्द डोळ्यांस अगदी सारखा दिसतो. शोध करता कळले की, 'ऱ्य' मधील तो अर्धा र युनिकोड ह्या अक्षरसंकेतात दोन प्रकारे लिहिता येतो: एक, नुक्ता असलेला ऱ घेऊन, व दुसरा, साधा र घेऊन त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही एकच. यंत्रास मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हा भेद मराठीत ह्याच र वर अवलंबून आहे, तेव्हा प्रश्न उपेक्षा करण्याजोगा नाही. ह्यावर काय करावे, ते तो सध्या वाचीत आहे.

आम्हांस समाधान वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. रेघ पाहून ह्या वेळी त्याने शब्द बदलला नाही. रेघ का आली, असे त्याने विचारले.